जमीन घेणाऱ्याचं पोस्टकार्ड

जुन्नर-आंबेगावात जमीन घ्यायची तर ती विकणार का, हे खातेदारांना पोस्टकार्डाने विचारावं, असं म्हटलं की दलालाचा फोन पुरेसा, पोस्टकार्ड कशाला, असा आक्षेप येतो. पण इथल्या सातबाऱ्यावर बहुधा भावाबहिणींची सामाईक नावं असतात आणि त्यांतले कित्येक जण पोटापाण्यासाठी मुंबईत गेलेले. डबेवाल्यांपैकी अनेकांची मूळ गावंही याच पट्ट्यातली. दलालाची बोलणी गावात राहणाऱ्याशी होतात, कार्ड मात्र प्रत्येक वारसापर्यंत जाऊ शकतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर खातेदाराचं नाव मिळतं, पत्ता नाही. तो शोधायची मेहनत घ्यावीच लागते. खर्चाची सबब चालणार नाही, साधं कार्ड 50 पैशांचं आहे.

उघडं कार्ड सगळे वाचतील, भाऊबंदकी पेटेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच ते एकाला नव्हे, सगळ्या हिस्सेदारांना एकाच वेळी जावं आणि त्यावर भाव नसावा. खरेदीदार शेतकरी आहे का, हे मात्र स्पष्ट लिहावं: 1948च्या कूळकायद्याच्या कलम 63नुसार बिगरशेतकऱ्याला सामान्यतः परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. डिंभे-माणिकडोह धरणांकडच्या आदिवासी खातेदारांना तर असं कार्ड पाठवूच नये. त्यांची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. कार्ड हाती आलेल्यांनी उत्तर देण्याआधी फेरफार तपासावा आणि बहिणींनाही विचारावं.