रेणूतील एका अणूची जागा

जिवंत मेंदूत चाललेली रासायनिक क्रिया कवटीला हात न लावता पाहता यावी, यासाठी लागणारे रेणू घडवण्यात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोआना फाउलर यांची कारकीर्द गेली. मायामी येथे १९४२ मध्ये जन्मलेल्या फाउलर यांनी कोलोरॅडो विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. १९६९ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आल्या आणि अल्फ्रेड वुल्फ यांच्या गटात काम करू लागल्या.

या गटाचे काम पेट स्कॅनशी निगडित होते. या तपासणीत किरणोत्सारी अणू जोडलेला रेणू अत्यल्प प्रमाणात शरीरात सोडतात. त्या अणूतून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. भोवतीचे शोधक ते टिपतात आणि रेणू कुठे साठला आहे याचे चित्र उमटते. अडचण असते ती वेळेची. कार्बन-११चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे, तर फ्लोरिन-१८चे ११० मिनिटे. त्यामुळे किरणोत्सारी अणू संश्लेषणाच्या शक्य तितक्या शेवटच्या पायरीवर जोडावा लागतो. पुढचे शुद्धीकरण आणि निर्जंतुकीकरणही झटपट आणि किरणांपासून बचाव करत उरकावे लागते.

या क्षेत्रातला सर्वांत यशस्वी रेणू म्हणजे फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज, अर्थात एफडीजी. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे मोजण्यासाठी लुई सोकोलॉफ यांनी कार्बन-१४ असलेले डीऑक्सिग्लुकोज वापरले होते. मात्र कार्बन-१४चे किरण कवटीबाहेर पोचत नसल्याने ही पद्धत प्राण्यांच्या मेंदूच्या कापांपुरतीच राहिली. माणसासाठी फ्लोरिन-१८ हवे होते आणि ते ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर, हायड्रॉक्सिल गटाच्या जागी बसवायचे होते. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. एफडीजी ग्लुकोजच्याच वाटेने पेशीत शिरते आणि हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. पुढच्या पायरीसाठी दुसऱ्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल लागते. ते नसल्याने क्रिया तिथेच थांबते. फॉस्फेटमुळे रेणूला पेशीबाहेरही पडता येत नाही. जिथे ग्लुकोजची भूक जास्त, तिथे एफडीजी जास्त साठते.

ब्रुकहेवनमध्ये तात्सुओ इदो, फाउलर, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हे संश्लेषण साध्य केले. ऑगस्ट १९७६ मध्ये तिथे तयार झालेले एफडीजी विमानाने फिलाडेल्फियाला नेण्यात आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ते निरोगी स्वयंसेवकांना टोचले आणि मानवी मेंदूतील ग्लुकोज-वापराची पहिली चित्रे मिळाली. मूळ पद्धतीचे उत्पन्न कमी होते. १९८६ मध्ये जर्मनीतील युलिश येथील हामाखर, कोएनेन आणि श्टॉकलिन यांनी कितीतरी अधिक उत्पन्न देणारी पद्धत शोधली आणि एफडीजी रुग्णालयांच्या आवाक्यात आले. अनेक कर्करोगांच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात. त्यामुळे मेंदूसाठी घडवलेला हा रेणू कर्करोगाच्या निदानातही मोलाचा ठरला. भारतात मुंबईच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि फ्लोरिन-१८ इथेच बनू लागले.

फाउलर पुढे व्यसनांच्या रसायनाकडे वळल्या. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कार्बन-११ जोडलेले कोकेन वापरून ते माणसाच्या मेंदूत कुठे आणि किती वेगाने पोचते हे दाखवले. काही मिनिटांतच ते स्ट्रायटम या भागात जमते आणि तितक्याच लगबगीने ओसरू लागते.

त्यांच्यातील सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचे कसब सर्वाधिक दिसते ते मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या विकराच्या अभ्यासात. डोपामिनच्या विघटनात या विकराचा वाटा असतो. पार्किन्सनवरचे सेलेजिलीन हे औषध त्याला कायमचे चिकटते, म्हणून त्यात कार्बन-११ जोडले की विकराचा ठाव लागतो. पण ते इतक्या वेगाने चिकटे की चित्रात विकराच्या प्रमाणापेक्षा रक्तप्रवाहाचाच प्रभाव अधिक दिसे. विकर सेलेजिलीनमधील ज्या कार्बन-हायड्रोजन बंधावर काम करते, तिथे फाउलर यांच्या गटाने हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवले. ड्यूटेरियमचा बंध तुटायला अधिक वेळ लागतो. त्यामुळे चिकटण्याचा वेग मंदावला आणि विकराचे प्रमाण नीट मोजता आले.

याच पद्धतीने १९९६ मध्ये आढळले, की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत हे विकर इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी असते. धूम्रपान सोडलेल्यांत अशी घट दिसली नाही. शिवाय ही घट निकोटिनमुळे होत नाही. त्यामुळे सिगारेटच्या धुरातील इतर घटकांकडे संशोधकांचे लक्ष वळले आणि तंबाखूच्या व्यसनाचा विचार निकोटिनपलीकडे गेला.

फाउलर यांची २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली आणि २००८ सालचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. एफडीजीतील फ्लोरिन असो वा सेलेजिलीनमधील ड्यूटेरियम, नेमक्या जागी बसवलेला एक अणू शरीरातील अदृश्य क्रिया मोजता येण्याजोगी करतो, हे त्यांच्या संशोधनाने सिद्ध केले.