चोवीस तास ड्युटीवर!

एसी ऑफिसात एकाला सर्दी झाली की आठवडाभरात अख्ख्या फ्लोअरवर रुमाल निघतात. मग ड्रॉवर उघडतात. कुणाकडे ‘इम्युनिटी बूस्टर’, कुणाकडे मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक्स. मी मात्र हल्ली एकच प्रश्न विचारते, ‘काल रात्री किती तास झोपलास?’ का, ते सांगते.

आपल्याकडे जन्मापासून एक सिक्युरिटी टीम आहे. नाव, उपजत प्रतिकारशक्ती. नवा जंतू ओळखून त्याच्यासाठी खास अँटिबॉडीज बनवणाऱ्या दुसऱ्या टीमला काही दिवस लागतात. तोवर किल्ला हीच लढवते.

पहिलं गेट त्वचेचं. नाकात शिरलेला जंतू शेंबडात चिकटतो. श्वासनलिकेतले केसांहून बारीक तंतू त्याला झाडूसारखे वर ढकलतात. गिळला गेलाच, तर पोटात अ‍ॅसिड तयार! आणि शेंबडाला नाकं मुरडू नका. त्यात आणि अश्रूंतही लायसोझाइम असतं, बॅक्टेरियाची भिंत फोडणारं. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ मध्ये जगासमोर आणलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी.

गेट तोडून कुणी आत आलंच, तर पांढऱ्या पेशी धावतात. तुमचा सीबीसी रिपोर्ट काढून बघा, ‘न्यूट्रोफिल्स’ दिसतील. जंतूला गिळायचं आणि मरायचं, हा त्यांचा जॉब. पिकलेल्या फोडातला पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेतं. पेशींची ही खादाडी इल्या मेचनिकोव्हने १८८२ मध्ये सिसिलीत ओळखली. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने काटा खुपसला. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घेराव! १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता गंमत ऐका. चोंदलेलं नाक, ठणकणारं अंग, ताप हे बरंचसं जंतूचं नाही, या टीमचंच काम. ताप वाढला की अनेक जंतूंची वाढ मंदावते, पेशींना जोर चढतो. म्हणूनच ‘बूस्टर’ची जाहिरात मला पटत नाही. ही टीम गरजेपेक्षा जास्त भडकली, तर सूज वाढून आपलंच नुकसान होतं. तिला बूस्ट नको, विश्रांती हवी.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १६४ निरोगी लोकांची झोप आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब घातले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. डेडलाइनवाल्यांनो, ऐकताय ना?

लक्षात ठेवा
• सर्दी व्हायरसची असते. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उरलेली गोळी तर नकोच.
• सात तास झोप. सिगारेट बंद, धुराने ते ‘झाडू’ लुळे पडतात.
• ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा धाप लागली, तर थेट डॉक्टर. टीम कितीही भारी असली तरी तिला कधीकधी बाहेरची कुमक लागतेच.