वेदगंगेतला गोबी घरच्या टाकीत

निपाणीजवळ वेदगंगेच्या उथळ पाण्यात वाळूला पोट टेकून बसलेला, मातकट अंगावर काळपट डाग असलेला मासा दिसला, तर तो बहुधा ग्लोसोगोबिअस गिउरिस हा गोबी मासा. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं; कृष्णा खोऱ्यातही तो आढळतो.

खरी ओळख पोटाखाली. काचेच्या बरणीत ठेवून खालून पाहा. पोटाकडचे दोन पर जुळून वाटीसारखी चकती झालेली दिसेल. पाठीवर दोन सुटे पर, खालचा जबडा किंचित पुढे आणि तोंडाला मिशा अजिबात नाहीत. मिशा दिसल्या की तो ग्लोसोगोबिअस गिउरिस नव्हे.

टाकीत बारीक वाळू घाला, लपायला खापराचे तुकडे ठेवा, वर झाकण हवंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. खायला डासांच्या अळ्या, गांडुळाचे तुकडे. नुसत्या कोरड्या दाण्यांवर तो सहसा राहत नाही. गप्पी मात्र सोबत सोडू नका, गिळून टाकेल. आणि बोटभर पिल्लू पुढे वीतभर, कधी त्याहूनही मोठं होतं. छोट्या टाकीसाठी हा मासा नाहीच.

सांभाळणं जमलं नाही तरी टाकीत राहिलेला मासा नदीत सोडू नका; टाकीत त्याला लागलेले दुकानातल्या माशांचे रोग त्याच्याबरोबर वेदगंगेत जाऊ शकतात.