नात्यातील मदत आणि विद्यार्थी व्हिसाची मर्यादा

व्यापारी घराण्यातील मुलगा शिकता शिकता पेढीवर बसू लागतो. वह्या तपासणे, गल्ला सांभाळणे, गिऱ्हाईक पाहणे या कामांना कोणी नोकरी म्हणत नाही. मात्र तोच मुलगा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि सुट्टीत तेथील मामांच्या दुकानात गल्ल्यावर उभा राहिला, तर एफ-१ व्हिसावर तेथे राहण्याचा त्याचा हक्कच धोक्यात येऊ शकतो. ‘पगार घेतला नाही’ एवढे सांगून तेथे भागत नाही. एरवी ज्या कामासाठी पगारी माणूस ठेवावा लागतो, ते विनावेतन केले तरी अनधिकृत रोजगार ठरू शकते.

कायद्याने मोकळे ठेवलेले मार्ग ठरलेले आहेत. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरील इंटर्नशिपसाठी ‘सीपीटी’ ही परवानगी असते. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग असावी लागते आणि सामान्यतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच ती मिळते. विद्यापीठातील अधिकाऱ्याने आय-२० या कागदावर तशी नोंद केल्याखेरीज कामाचा पहिला दिवसही भरू नये.

‘ओपीटी’ ही दुसरी परवानगी १२ महिन्यांची असून ती बहुधा पदवीनंतर वापरली जाते. अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत तिच्यासाठी अर्ज करता येतो. परवानगीच्या काळात एकूण ९० दिवसांहून अधिक बेरोजगारी चालत नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक घेतल्यास त्याच स्तरावरील ओपीटीचा हक्क जातो, ही बाब अनेकांच्या ध्यानात उशिरा येते.

शैक्षणिक कर्जाचे गणित येथेच अडते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या गटातील पदवीधरांना ओपीटी आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते, म्हणजे एकूण ३६ महिने. त्यासाठी मालक ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी प्रणालीत नोंदलेला असावा लागतो. वाणिज्य व व्यवस्थापनाचे सर्वच अभ्यासक्रम या गटात येत नाहीत. ते अभ्यासक्रमाच्या सांकेतिक क्रमांकावर ठरते. एकाच कर्जाच्या फेडीसाठी डॉलरमधील कमाईची १२ महिने मिळणार की ३६, याचा उलगडा प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी व्हावयास हवा. कर्जाचा हप्ता मात्र घरच्या उत्पन्नातूनही झेपेल एवढाच धरावा, कारण परवानगी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे.

भारतातच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेत इंटर्नशिप करावयाची असल्यास जे-१ हा निराळा व्हिसा आहे. त्याची मुदत कमाल १२ महिने असून तेथील परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था व लेखी प्रशिक्षण योजना आवश्यक असते. पर्यटक व्हिसावर जाऊन नातेवाइकांच्या पेढीत ‘अनुभव’ घेणे हा त्याला पर्याय नव्हे.

म्हणून मुलाला निरोप देताना पालकांनी दोन्हीकडच्या नातेवाइकांना स्पष्ट सांगावे: त्याला जेवावयास बोलवा, सणाला घरी ठेवून घ्या, पण दुकानात उभे करू नका. शंका आल्यास विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. नियम बदलत राहतात; मागील वर्षी गेलेल्या चुलतभावाचा अनुभव त्या उत्तराची जागा घेऊ शकत नाही.