आत्याबाईंच्या पायाने

पहाटे 4.15

पहिला गजर माझा. टेंटचं कापड बाहेरून दवाने भिजलेलं, आतून आपल्याच श्वासाने. चेन उघडताना बाही ओली झाली. जानेवारीतला शनिवार, भंडारदऱ्याच्या जलाशयाचा काठ, आणि सहा टेंटांत आमच्या घरची एकवीस माणसं. त्यातल्या आठ जणांना कळसूबाईला जायचंय. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पोरांना त्याखालचं काही नकोच होतं. बारी गावातून वाट चढते, वर पोचायला तीन-चार तास.

सॅका मी तपासते. प्रत्येकी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी. पुतण्या मोबाईलचा टॉर्च दाखवतो. चालणार नाही. मध्ये लोखंडी शिड्या आहेत आणि शिडीला दोन्ही हात लागतात. माझा डोक्याला बांधायचा टॉर्च त्याला देते.

"काकू, तू नाही येत?"

डोंगरात एरवी मीच पुढे असते, म्हणून त्याला नवल. पण एवढा गोतावळा घेऊन निघालं की वेळापत्रक सगळ्यात हळू चालणाऱ्या पायाने आखावं लागतं. आमच्याकडे तो पाय माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा. वय 78, उजवा गुडघा कुरकुरणारा. घरात त्यांना ठेवून सगळ्यांनी निघायचं, असा एक प्रस्ताव आला होता. तो मी हाणून पाडला, तेव्हा खाली थांबणं माझ्याकडेच आलं.

6.45

दोन संडास, तेरा माणसं. डोंगरातल्या मुक्कामावर लिहिणारे लोक ह्या रांगेबद्दल कधी लिहीत नाहीत. पण सकाळचे दोन तास तिथेच जातात. टेंटवाल्या दादांनी बंब पेटवलाय. थोरले दीर, नाना, बादली घेऊन आधीच उभे, आणि तरीही आत्याबाईंना पुढे सोडतात. चहा: बिनसाखरेचे दोन, दूध जास्त एक, बाकी सरसकट.

पूर्वेला डोंगर असल्यामुळे उजाडलं तरी ऊन लवकर खाली उतरत नाही. पाण्यावर धुकं. सगळे फोटो काढतात, मी ओल्या चादरी दोरीवर टाकते.

8.00

पोहे. आत्याबाई ताट बाजूला सारून रात्रीची भाकरी दुधात कुस्करतात. मग गोळ्या.

9.30

खरं तर ही सहल ज्यासाठी काढली ते आत्ता. आत्याबाईंची खुर्ची पाण्यापासून दहा पावलांवर मांडली.

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही श्रीरामपूरकडचं, प्रवरेच्या पाटावरचं. "भंडारदऱ्याचं पाणी सुटलं" हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं. पाणी सुटलं की घरातली माणसं ताठ व्हायची. सात नंबरचा फॉर्म भरलेला असायचा, पाटकऱ्याशी बोलणं झालेलं असायचं, आणि आपली पाळी नेमकी रात्री दोनला यायची. मामंजी पुढे बॅटरी घेऊन, ह्या मागून फावडं घेऊन, उसाला दारं धरायला. कडेवरच्या पोराला बांधावर गोधडीत टाकायचं. ते पोर म्हणजे आमचे नाना. पण जिथून पाणी सुटतं ते गाव कसं दिसतं, हे पाहायला कोणी कधी नेलं नाही. पाण्याला रस्ता होता, बायकांना कुठे होता?

नाना उत्साहाने माहिती पुरवतात. धरणाचं काम 1910 ला सुरू झालं, 1926 ला संपलं, भिंत 270 फूट उंच, नाव विल्सन डॅम. त्याआधी आपल्याकडे ज्वारी-बाजरीच होती. पाट आला, ऊस आला, मग 1950 ला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. आत्याबाई हे सगळं एका कानाने ऐकतात. त्यांचा प्रश्न वेगळाच.

"यात आवर्तनं किती बसतात?"

"आई, 11 टीएमसी पाणी आहे."

"मी पाळ्या विचारते."

नानांना उत्तर येत नाही. त्यांनी शेती सोडून वीसेक वर्षं झाली.

11.15

जीपने रतनवाडी. रस्ता जलाशयाला वळसे घालत जातो, आणि वळणावळणावर धाकट्या भाच्याला उलटी होते. पिशवी, लिंबू, खिडकी.

अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. मी आधी येऊन गेले होते, तेव्हा रतनगडाला जायच्या घाईत दोन मिनिटं थांबले असेन. आज अर्धा तास नुसतं बसणं आहे, कारण आत्याबाई दहा पावलं चालतात आणि टेकतात. त्या टेकल्या की आपणही टेकायचं, आणि बसलं की नजर शिखरावरून भिंतींच्या नक्षीवर उतरते, उभ्या माणसाला जी दिसतच नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडून जाते, असं पुजारी सांगतात. आत्याबाई मान डोलावतात, जणू देवाचीही पाळी आली.

मोठ्या जाऊबाई आणि वन्सं पुष्करणीच्या पायऱ्यांवर मुलांच्या मनगटाला धरून उभ्या. मागे रतनगडाचा खुटा. प्रवरा ह्याच डोंगरावर उगम पावते. नाना ते आईला दाखवतात. "एवढ्याशा जागेतून?" म्हणून त्या तळहात पसरून मोजतात.

1.30

टेंटांवर परत. फोनला एक कांडी रेंज. पुतण्याचा आवाज तुटक: वर पोचलो होतो, देवीचं दर्शन झालं, उतरताना शिडीवर गर्दी, उशीर होईल. शनिवार. हे मला कळायला हवं होतं असं जाऊबाईंचा चेहरा म्हणतो.

"पोरं उपाशी, आणि आपण जेवायचं?"

नानांना साखरेचा त्रास आहे, बाळाची झोपेची वेळ झालीय, आत्याबाईंची दुपारची गोळी जेवणानंतरची. मी ताटं घ्यायला लावते. जाऊबाई बसत नाहीत. मग आत्याबाईच म्हणतात, "बस. उपाशी राहून त्यांची शिडी मोकळी होणार आहे का?" जाऊबाई बसतात, पण भाकरी अर्धीच मोडतात. घरच्या मोठ्या सहलींत भांडणं नेहमी अशी जेवणाच्या वेळेवरूनच होतात. गाडीत जागा कोणाला, टेंट कोणाचा, हे वाद मिटतात. कोण कोणासाठी थांबलं हे पुढच्या लग्नापर्यंत निघतं.

3.40

आठही जण आले. एकाच्या बुटाचा तळ सुटलाय, तो नाडीने बांधलेला. जाऊबाई मोजून पोटभर वाढतात आणि मग स्वतः उरलेली अर्धी भाकरी संपवतात.

नंतर दोन तास सगळीकडे घोरणं.

6.00

जेवणाचे पैसे दिलेले आहेत, स्वयंपाक टेंटवाल्या दादांच्या घरी आहे. तरी आमच्या बायका एकेक करून चुलीपाशी जमल्याच. पाट्यावर ठेचा कसा वाटावा यावर वन्संचं मत आहे. घरच्या वहिनी हसून पाटा सरकवतात, पण त्यांचा ओटा अडलाय हे मला दिसतं. मी वन्संना उठवते आणि कळसूबाईवरून आलेल्या दोघा पोरांना कांदे चिरायला बसवते. ओरड होते. होऊ दे.

भात काळभाताचा, अकोल्यातलं जुनं वाण. आत्याबाई तांदळाचा दाणा चावून पाहतात आणि बियाण्याची चौकशी करतात. राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे ह्याच तालुक्यातलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आत्याबाईंनी पेपरातला फोटो कापून ठेवला होता. दादांची आई आतून वालाचं बी आणून त्यांच्या पदरात टाकते. पैसे घेत नाही. आत्याबाईंना ते फुकट घेववत नाही, म्हणून आमच्या घरची तिळाची वडी डब्यासकट तिकडे जाते. डबा माझा होता.

8.15

लोखंडी घमेल्यात शेकोटी. पोरं फोनवर शिखराचे फोटो फिरवतात: अलंग, मदन, कुलंग ओळीने. दोन म्हाताऱ्या मात्र घमेल्याच्या पलीकडे बसून पाण्याबद्दल बोलतात. दादांची आई सांगते, धरणाच्या काठाला राहून उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहिले. "धरण उशाला, कोरड घशाला. तुमच्याकडे ऊस झाला म्हणतात."

नाना अस्वस्थ होऊन काही आकडे सांगू लागतात. आत्याबाई हाताने थांबवतात.

"झाला ऊस. पण आमचं शेत टेलला. वरच्यांनी दारं फोडली की आमच्यापर्यंत ओलही यायची नाही. आमच्या ह्यांनी एकदा चारीवर मार खाल्ला."

"मग?"

"मग काय. पुढच्या पाळीला परत गेलो."

दादांची आई घमेल्यात लाकूड सरकवते आणि विचारते, चारीवर बायका जात होत्या का. पुढचा पाऊण तास बोलणं दोघींचंच चालतं: फावडं कोणाकडे, साप किती, पोरं कुठे निजवायची. मला मध्ये उठून बाळाचं दूध गरम करायचं असतं म्हणून सगळं ऐकता येत नाही. राग येतो.

10.00

टेंटवाटप. घोरणारे एका टेंटात, बाळवाले बाथरूमच्या जवळ, आत्याबाई माझ्याशेजारी दाराकडे, म्हणजे रात्री उठवायला सोपं. मग उद्याचा प्रश्न. पोरांना रतनगड हवाय. पाय सुजलेले असूनही हवाय. नाना म्हणतात, मी त्यांना घेऊन जातो.

आत्याबाई पांघरुणातून सांगतात, "मला भिंतीच्या खालची बाजू बघायची. पाणी सुटतं ती. वरून नुसतं साठलेलं बघितलं."

नाना रतनगडाची जीप रद्द करायला दादांकडे जातात. नऊला धरणाच्या भिंतीपाशी, शेंडीला, सगळे. पुतण्या कुरकुरतो, मग विचारतो की खालून दारं दिसतात का. मी गजर साडेपाचला लावते; नऊला निघायचं तर संडासची रांग सहाला सुरू व्हायला हवी.