विश्लेषण : ‘को-क्यू-१०’च्या गोळीने खरेच ताकद येते का?

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुरू झाली, की अनेक घरांत तिच्यामागोमाग ‘को-एन्झाइम क्यू-१०’ची गोळी येते. सोबत ई जीवनसत्त्व, सेलेनियम वगैरे. थकवा जाईल, हृदय बळकट होईल, असा दावा असतो. त्यात तथ्य किती?

शरीरात काम काय?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ मध्ये हा पदार्थ शोधला. पेशींतील मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवण्याची हमाली तो करतो आणि त्यातून ऊर्जा तयार होते. शरीर तो स्वतःच बनवते, म्हणून तो जीवनसत्त्वांत मोडत नाही. इंजिनात पुरेसे ऑइल असताना आणखी ओतल्याने गाडी जोरात पळत नाही, तसेच हे.

मग स्टॅटिनशी संबंध कसा?

कोलेस्टेरॉल ज्या रासायनिक मार्गाने बनते, त्याच मार्गाने को-क्यू-१०ही बनते. स्टॅटिन तो मार्ग रोखते, त्यामुळे रक्तातील को-क्यू-१० घटते. स्नायू दुखतात ते यामुळेच, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. काहींत दुखणे कमी झाले, काहींत साध्या गोळीइतकाच फरक पडला. दुखते म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.

पुरावा कुठे आहे?

हार्ट फेल्युअरमध्ये. ‘क्यू-सिम्बिओ’ चाचणीत (२०१४) ४२० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत रोज ३०० मिलिग्रॅम को-क्यू-१० दिले. दोन वर्षांत हृदयाच्या गंभीर घटना त्यांच्यात १५ टक्के, तर इतरांत २६ टक्के आढळल्या. चाचणी लहान होती आणि रुग्ण आजारी होते. धडधाकट माणसाच्या थकव्याला हा निकाल लागू होत नाही. पार्किन्सन्सवरील ६०० रुग्णांची चाचणी तर उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवली गेली.

जोडीच्या ई जीवनसत्त्वाकडे कुणी फारसे बघत नाही. ‘सिलेक्ट’ या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्के अधिक निघाले. त्यामुळे पाकिटावर आधी मात्रा पाहा. त्याच पाकिटावर बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळही इंग्रजीत असते; भारतात ती सक्तीची आहे.

घरात कुणी वॉरफरिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नका. को-क्यू-१०ची रचना के जीवनसत्त्वासारखी असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो.