ताजे अंडे सोलायला अवघड का?

थंडीत पेण, अलिबाग, रोहा या भागात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, पुन्हा पाला. मडके शेतात उपडे ठेवायचे, भोवती गोवऱ्या-काटक्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पाल्यातल्या आणि शेंगांतल्या ओलाव्याच्या वाफेवर सगळे शिजते.

डोलवीजवळच्या शेतात अशाच एका पोपटीत आम्हाला एक कोडे सापडले. मडक्यात काही अंडी दुकानातली होती, तर काही घरच्या कोंबड्यांची, त्याच दिवशी सकाळी गोळा केलेली. मडके एक, जाळ एक, वेळ एक. तरीही दुकानातल्या अंड्यांची टरफले सहज निघाली आणि घरच्या अंड्यांचा पांढरा भाग टरफलाबरोबर लचक्यालचक्याने सुटून आला. ताजे ते चांगले, असे आपण मुलांना शिकवतो. मग ताजेच अंडे असे का वागले?

टरफलाच्या आत

अंड्याचे टरफल मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचेच असते. डोलवीच्या कारखान्यात पोलाद बनवताना लागते तीच ही चुनखडी. टरफल दिसते गुळगुळीत, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून ही सोय असते. टरफलाच्या आतून दोन पातळ पापुद्रे असतात. बोथट टोकाशी हे पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले असतात आणि तेथे हवेची पोकळी असते.

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार होताना त्याच्या पांढऱ्या भागात बराच कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के. त्यामुळे अंडे बाहेर पडल्यापासून तो छिद्रांवाटे हळूहळू निसटू लागतो, उघड्या ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीतून निसटतो तसाच. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल तयार करतो. तो कमी झाला की सामू वाढतो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा सामू सुमारे ७.६ ते ७.९ असतो. काही दिवसांत तो ९ च्या पुढे, ९.२ च्या आसपास जातो. आपल्या खाण्यातले फारच थोडे पदार्थ इतके आम्लारीधर्मी असतात!

कोड्याची किल्ली येथे आहे. सामू कमी असताना पांढऱ्या भागातील प्रथिने गोठता गोठता आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतात. सामू ९ च्या जवळ गेला की ही पकड सैल पडते. दुकानात पोहोचेपर्यंत अंड्यांचे सहसा काही दिवस प्रवासात आणि साठवणीत गेलेले असतात, म्हणून ती सोलायला सोपी. सकाळच्या अंड्याला वायू सोडायला सवडच मिळालेली नसते.

पाणी गार की उकळते?

अंड्याचे वय आपल्या हाती नसेल, तर दुसरा उपाय आहे. बहुतेक घरांत अंडी गार पाण्यात घालून मग भांडे चुलीवर चढवतात. त्याऐवजी अंडी उकळत्या पाण्यात सोडली तर ती अधिक सहज सोलली जातात.

पांढऱ्या भागातील काही प्रथिने ६० अंश सेल्सियसच्या थोडे वर गोठू लागतात, तर त्यातील मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या पुढे. अंडे सावकाश तापले तर गोठणाऱ्या प्रथिनांना पापुद्र्याला चिकटायला भरपूर वेळ मिळतो. एकदम आच लागली की बाहेरचा थर झटकन गोठतो, प्रथिने आपापसांत बांधली जातात आणि पापुद्रा बाजूला राहतो.

वाफही हेच काम करते. गार अंड्यावर वाफेचे पाणी होते तेव्हा ती आपली सुप्त उष्णता तेथे सोडते. म्हणून उकळी आलेल्या मोदकपात्रात १२-१३ मिनिटे ठेवलेली अंडीही चांगली सोलतात.

शंभर अंड्यांचे गणित

घरी दोन अंडी फाटली तर फारसे बिघडत नाही. शाळेत बिघडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून अंडी देण्याची मुभा शाळांना राहिली. म्हणजे गावकऱ्यांच्या वर्गणीतून आलेले ते अंडे. त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, त्यातली निम्म्याहून अधिक पांढऱ्या भागात. पांढऱ्याचा चौथा हिस्सा टरफलाला चिकटून उकिरड्यावर गेला, तर जवळजवळ १ ग्रॅम प्रथिन त्या मुलाच्या पोटात जायचे राहिले. शिवाय शेजारच्याला गुळगुळीत अंडे आणि आपल्याला फाटके, याचे दुःख ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

मग शंभर अंडी उकळत्या पाण्यात सोडली की झाले? येथे विद्यार्थ्यांना गणित घालावे. पाणी १० लिटर, तापमान १०० अंश. अंडी १००, प्रत्येकी ५० ग्रॅम, म्हणजे ५ किलो. तापमान २८ अंश. अंड्याची विशिष्ट उष्मा पाण्याच्या ०.८ पट धरू. मिश्रणाचे तापमान 'त' मानल्यास,

१० × (१०० − त) = ५ × ०.८ × (त − २८)

यावरून त = सुमारे ७९ अंश. चूल चालू असते आणि अंड्याचा गाभा सावकाश तापतो, त्यामुळे पाणी एकदम इतके उतरत नाही. पण उकळी नक्की थांबते आणि उकळत्या पाण्याचा फायदा बराचसा जातो. घरी १ लिटर पाण्यात दोन अंडी टाकली तर हेच उत्तर ९५ अंशांच्या आसपास येते. म्हणून शाळेत अंडी थोडी थोडी, मोठ्या आचेवर उकडावीत किंवा वाफेवर शिजवावीत. आणि सर्वांत सोपे म्हणजे ती चार-पाच दिवस आधी आणून सावलीत ठेवावीत.

गार पाणी, मीठ आणि सोडा

शिजलेली अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत. आतला भाग थोडा आकसतो आणि शिजणेही थांबते. फार वेळ उकळलेल्या अंड्यात बलकाभोवती हिरवट कडे दिसते. पांढऱ्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने झालेले ते आयर्न सल्फाइड. ते अपायकारक नाही, पण मुले नाक मुरडतात. सोलताना बोथट टोकापासून सुरुवात करावी; तेथे पोकळी असल्याने पापुद्रा बोटात सापडतो.

मिठाने टरफल सुटत नाही. मात्र अंडे तडकले तर बाहेर येणारा पांढरा भाग खारट पाण्यात लवकर गोठतो आणि गळती थांबते. सोड्यामागचा विचार सामू वाढवण्याचा, पण दहा-बारा मिनिटांत टरफलाआड फारसा बदल होत नाही.

वर्गात करून पाहा

आमच्या पोपटीवरून निष्कर्ष काढायची घाई करू नये. दोन्ही अंड्यांत वयाचा फरक होता, तसाच कोंबडीच्या जातीचा आणि टरफलाचाही. नेमके कारण कोणते, हे तेवढ्यावरून ठरत नाही. म्हणून एकाच घरच्या कोंबड्यांची १२ अंडी घ्यावीत : ६ आठवडाभर ठेवलेली, ६ त्याच दिवसाची. प्रत्येकातली ३ गार पाण्यातून आणि ३ उकळत्या पाण्यात उकडावीत. उकळत्या पाण्यात अंडी झाऱ्याने अलगद सोडावीत, नाहीतर तडकतील. पाणी उकळू लागल्यापासून सर्वांना सारखीच ११ मिनिटे द्यावीत. टरफलांवर पेन्सिलीने खुणेचे आकडे घालावेत. सोलणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ सांगू नये. 'स्वच्छ', 'खळगे पडले', 'फाटले' अशी नोंद फळ्यावर करावी.

उकडण्यापूर्वी सर्व अंडी पाण्यात सोडून पाहावीत. जुन्या अंड्यातील पाण्याची वाफ होऊन पोकळी मोठी झालेली असते, त्यामुळे त्याचे बोथट टोक वर उचलले जाते. पार तरंगणारे अंडे वापरू नये. उकडलेली अंडी त्याच दिवशी संपवावीत. त्यासाठी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि एक प्रश्न त्यांच्यावर सोपवावा. पोपटीचे मडके सुरुवातीला गार असते, पण आत वाफ कोंडते. मग पोपटीतले अंडे कोणत्या गटात बसवायचे? पुढच्या थंडीत ताजी आणि जुनी अंडी खुणा करून मडक्यात घातली, तर उत्तर शेतातच मिळेल.